परसबागेची वही: काय लिहावं, किती लिहावं

प्रश्न (शेतकरी ताई, गुहागर तालुका): परसात पडवळ, भेंडी, थोडे माड आणि कोकम आहेत. पडवळ धरतं, पण बोटभर झालं की पिवळं पडून गळतं. गेल्या वर्षी असंच झालं का, ते आठवत नाही. नोंदी कशा ठेवू?

उत्तर: ताई, पडवळ असं गळण्याची मुख्य कारणं दोन आणि त्यांचे उपाय वेगळे. त्यामुळे ‘पडवळ गळलं’ एवढंच लिहून भागणार नाही. गळलेलं फळ उभं चिरा. आत अळ्या असतील, सालीवर टोचल्याची खूण आणि डिंकासारखा चीक असेल, तर ती फळमाशी. आतून स्वच्छ असेल तर बहुधा परागीकरणच झालेलं नाही. पडवळाची फुलं संध्याकाळनंतर उमलतात. नेमकी तेव्हा पावसाची झड लागली की मादी फूल तसंच राहतं. वहीत असं लिहा:

‘२ ऑगस्ट, मांडवाची पूर्व बाजू. ५ फळं गळली, ३ मध्ये अळ्या. दोन दिवस झड.’

एवढ्या ओळीवर नेमका सल्ला देता येतो. फळमाशी निघाली तर किडकी फळं रोज वेचून खोल पुरा आणि क्यू ल्युअरचा, म्हणजे या माशीला ओढणाऱ्या गंधाचा, सापळा लावा. आंब्याचा मिथाइल युजेनॉलचा सापळा इथे चालत नाही, कारण वेलभाज्यांवरची माशी वेगळी. बरेच जण तोच मांडवाला टांगतात नि सापळ्याला दोष देतात.

भाजीसाठी पेरणीची तारीख, बी कुणाकडचं आणि पहिली तोडणी कधी, इतकं पुरे. शेजारून आणलेलं बी चांगलं निघालं तर पुढच्या मृगात तेच मागता येईल. फवारणी केलीत तर मात्र औषधाचं नाव, मात्रा आणि तारीख लिहायलाच हवी. लेबलवर दिलेले दिवस भरल्याशिवाय ती भाजी घरात शिजवू नका.

माडांना रंगाने नंबर घाला आणि दर पाड्याला, म्हणजे नारळ उतरवाल तेव्हा, झाडावार नारळ मोजा. फुलोऱ्यापासून नारळ तयार व्हायला सुमारे वर्ष जातं, त्यामुळे यंदाच्या खताचा हिशेब यंदाच्या पाड्यावरून लागत नाही. कोकम कलम आहे की बियांचं रोप, हेही लिहा. रोपांत नर झाडंही निघतात आणि फुलं येईपर्यंत ती ओळखता येत नाहीत. लावणीचं वर्ष लिहिलेलं असलं म्हणजे फळाची वाट किती बघायची ते ठरवता येतं.

पावसाळी दमटपणात शाई फुटते, पेन्सिल वापरा. आणि पुढचं पडवळ गळलं की फळ व वही दोन्ही घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे कृषी सहायक) जा.