कर्क्युमिनचा डॉकिंग स्कोअर −९.२ आला, आता प्रयोगशाळेत चाचणी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत एम.फार्म. करताय, माणसाच्या आतड्यातल्या अल्फा-ग्लुकोसिडेजवर (साखर सुटी करणारं एन्झाइम; प्रथिनांच्या डेटाबँकेतली रचना २क्यूएमजे) हळदीतलं कर्क्युमिन डॉक केलं, म्हणजे ते एन्झाइमच्या खाचेत कसं बसेल हे संगणकावर तपासलं, व्हिना या सॉफ्टवेअरचा स्कोअर −९.२ आला (जितका जास्त उणे, तितकी पकड घट्ट), याच एन्झाइमला रोखणाऱ्या अकार्बोज या मधुमेहाच्या औषधाचा −८.४, आणि आता यीस्टचं एन्झाइम मागवायचंय.

ते मागवू नका. डॉकिंग माणसाच्या एन्झाइमवर आणि चाचणी यीस्टच्या, तर एकाचा पुरावा दुसऱ्याला लागू पडत नाही. शिवाय यीस्टच्या एन्झाइमवर अकार्बोज मुळातच दुबळं पडतं, त्यामुळे त्याच्यापुढे कुठलाही रेणू भारी दिसतो. त्याऐवजी माणसाच्या एन्झाइमला जास्त जवळचं, म्हणजे रॅटच्या आतड्याची अ‍ॅसिटोन पावडर (अ‍ॅसिटोनने सुकवलेलं आतडं) घ्या. १०० मिग्रॅ पावडर ३ मिली ०.९ टक्के सलाइनमध्ये बर्फावर घोटा, थंड सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं द्रव वापरा.

०.८ च्या फरकावर काहीच उभं करू नका. स्कोअर किलोकॅलरी प्रति मोलमध्ये असतो; त्यात १.३६ म्हणजे बंधनात दहापट फरक, आणि व्हिनाच्या मूळ शोधनिबंधातच प्रमाण त्रुटी २.८५ दिली आहे, म्हणजे शंभरपटीहून जास्त. आधी २क्यूएमजेमधलं अकार्बोज काढून पुन्हा डॉक करा. ते मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत बसलं नाही, तर कर्क्युमिनच्या स्कोअरलाही अर्थ नाही. अकार्बोज लांबलचक, खूप फिरणारं आहे, म्हणून एक्झॉस्टिव्हनेस (व्हिना किती कसून शोधतं ते सेटिंग) ८ वरून ३२ करा. पबकेम या रेणूंच्या डेटाबेसमधून कर्क्युमिन डायकीटो रूपात येतं. द्रावणात मुख्यतः त्याचं दुसरं रूप, ईनॉल असतं, तेच डॉक करा.

आता खरी अडचण, रंगाची. बहुतेक निबंधांत पीएनपीजी (एन्झाइमने तोडल्यावर पिवळा रंग सोडणारा पदार्थ) वापरून ४०५ नॅनोमीटरला पिवळा रंग मोजतात. कर्क्युमिन स्वतःच तिथे जबर शोषण करतं. त्यात प्रक्रिया थांबवायला सोडियम कार्बोनेट घालता, म्हणजे हळदीत चुना पडल्यावर कुंकू होतं तोच प्रकार प्लेटमध्ये होतो. एन्झाइमशिवायचा ब्लँक (नुसता रंग वजा करायचा नमुना) प्रत्येक मात्रेला वेगळा लावला तरी मोठ्या मात्रेला ब्लँकच इतका गडद होतो की वजाबाकीवर भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून पीएनपीजीऐवजी माल्टोज ही साखर वापरा, उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवून प्रक्रिया थांबवा आणि सुटलेलं ग्लुकोज जीओडी-पीओडी (ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेज) किटने ५०५ नॅनोमीटरला मोजा. रक्तातली साखर तपासायला पॅथॉलॉजी लॅबमध्ये हेच किट असतं, मिरजेत शोधायला त्रास पडू नये. पण इथेही एक मेख आहे: कर्क्युमिनसारखे फिनॉल पेरॉक्सिडेजच्या रंगात अडथळा आणतात. एन्झाइम न घालता ठरावीक ग्लुकोज आणि कर्क्युमिन एकत्र मोजा. आकडा कमी आला, तर तुम्हाला दिसलेला ‘अवरोध’ एन्झाइमचा नव्हे, किटचा.

पुढची तपासणी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच बहुतेक जण गाळतात. कर्क्युमिनसारखे तेलकट रेणू पाण्यात गोळे करतात आणि त्यांना एन्झाइम चिकटून बसतं. एक मालिका ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० (गोळे फोडणारा साबणासारखा पदार्थ) घालून करा. आयसी-५० (एन्झाइमचं काम निम्मं करणारी मात्रा) खूप वाढलं, तर रेणू एन्झाइमच्या खाचेत बसत नव्हता, नुसता गोळा काम करत होता. दुसरी खूण: एन्झाइम दहापट केल्यावर गोळ्यांचा परिणाम झपाट्याने ओसरतो.

राजापुरी हळद आणून अर्क काढू का, असंही विचारलंय. सुरुवातीला नको. हळदीत कर्क्युमिनॉइड साधारण २ ते ५ टक्के, बाकी बहुतेक स्टार्च. बाजारातलं ‘९५ टक्के कर्क्युमिन’सुद्धा तीन कर्क्युमिनॉइडचं मिश्रण असतं. डॉक एकच केलाय, तर शुद्ध स्टँडर्डच घ्या.

डीएमएसओ या द्रावकातलं कर्क्युमिनचं मूळ द्रावण (स्टॉक) चाचणीच्याच दिवशी बनवा, फॉइलमध्ये गुंडाळा. प्लेटच्या प्रत्येक खळग्यात (वेलमध्ये) डीएमएसओ १ टक्क्याखाली आणि सगळीकडे सारखं ठेवा. प्रक्रिया ३० मिनिटांपुढे लांबवू नका: सीरम नसलेल्या फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७.२ आणि ३७ अंशांना, तेवढ्या वेळात सुमारे ९० टक्के कर्क्युमिन विघटित होतं. पीएच ६.८ ला वेग कमी असतो, पण थांबत नाही.