वाचकांचे प्रश्न : जाहिरातीतली अक्षरं, दारातल्या पायऱ्या

प्रश्न : मुलगी एम. कॉम. झाली आहे. उजव्या पायाला आधाराचा कॅलिपर आहे, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर 50 टक्के लिहिलंय. सरकारी जाहिरातीत पदापुढे ‘ओएल’, ‘बीएल’, ‘एसटी’ अशी अक्षरं असतात, ती आम्हाला उमगत नाहीत. लग्नाची बोलणीही चालली आहेत. फॉर्म आत्ता भरावा की लग्नानंतर?
– एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : आत्ताच भरा. अक्षरांचे दोन गट असतात. पहिल्या गटावरून त्या पदावर कोणत्या अपंगत्वाची व्यक्ती घेतात ते कळतं. ओए म्हणजे एक हात, ओएल एक पाय, बीएल दोन्ही पाय, ओएएल एक हात आणि एक पाय. दुसऱ्या गटात काय जमायला हवं ते असतं. एस म्हणजे बसून काम, एसटी उभं राहणं, डब्ल्यू चालणं, बीएन वाकणं, एल उचलणं, एमएफ बोटांची कामं, आरडब्ल्यू लिहिणं-वाचणं. घरोघरी ‘ओएल’ दिसलं की फॉर्म भरला जातो आणि दुसरा गट कुणी वाचतच नाही. मग परीक्षा पास होऊनही वैद्यकीय तपासणीत नाव अडकतं. दिव्यांग सनदी अधिकारी इरा सिंघल यांचं प्रकरण असंच होतं. ओढणं, ढकलणं, उचलणं जमत नाही म्हणून त्यांना नेमणूक नाकारली होती. प्रशासकीय न्यायाधिकरणात त्या जिंकल्या आणि 2014 च्या नागरी सेवा परीक्षेत देशात पहिल्या आल्या. पण तेवढं लढायची वेळ येऊ नये म्हणून अक्षरं आधी वाचा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे केंद्राच्या नोकऱ्यांत दिव्यांगांना 4 टक्के जागा आहेत. त्यातला 1 टक्का हाता-पायाच्या अपंगत्वासाठी. किमान 40 टक्के अपंगत्व लागतं, वयात 10 वर्षांची सूट मिळते. त्या एका टक्क्यात मुलींचा वेगळा वाटा मात्र नाही, मुलगे-मुली एकाच यादीत. 2011 च्या जनगणनेत दिव्यांग पुरुषांपैकी 47 टक्के कामावर होते, स्त्रियांपैकी फक्त 23, हे लक्षात घेतलं तर ही समानता कागदावरचीच.

आता लग्नाचं. मार्कशीट, आधार आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) या तिन्हींवर नाव अक्षरश: एकच हवं. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव असतं. इथल्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या कियोस्कवाल्याला त्याची सवय नसते, तो ते गाळतो. वर लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललं की कागदपत्रांच्या पडताळणीत ही बाई तीच का, इथून सुरुवात होते. सासरचा जिल्हा वेगळा असला तर पत्ताही बदलायचा. नाव बदलायचंच असेल तर आधी विवाह नोंदणीचा दाखला, मग आधार, मग यूडीआयडी, हा क्रम ठेवा. आणि नाव बदलणं कायद्याने सक्तीचं नाही, हे जाता जाता.

प्रश्न : मी चाकाची खुर्ची वापरते, एका खासगी ऑफिसात अकाउंट्स बघते. दारात तीन पायऱ्या आहेत, दोघे जण खुर्ची उचलून आत नेतात. बाथरूमच्या दारातून खुर्ची जात नाही म्हणून सकाळी नऊनंतर मी पाणीच पीत नाही. मालक भले आहेत, मागायचा संकोच वाटतो.
– सुदामा नगर, इंदूर

उत्तर : ताई, पाणी तोडणं आधी थांबवा. दिवसभर लघवी अडवली की मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, उन्हाळ्यात मुतखड्याचीही भीती. तोवर जवळपास रुंद दाराचं बाथरूम कुठे आहे ते बघा आणि दुपारी तिथे जाण्याची वेळ मालकांकडून ठरवून घ्या.

मागणी तोंडी नको, मापांसकट एका कागदावर द्या. ‘सोय करा’ म्हटलं तर मिस्त्री त्याच्या अंदाजाने करतो आणि पैसे वाया जातात. उताराचं प्रमाण 1:12, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. तुमच्या तीन पायऱ्या सहा-सहा इंचांच्या धरल्या तर उंची दीड फूट, उतार अठरा फुटांचा. जागा नाही म्हणून मिस्त्री सहा फुटांत उरकतो. त्यावरून खुर्ची चढवताना ढकलणाऱ्याची दमछाक होते आणि उतरताना ती हातातून सुटते. सरळ अठरा फूट नसतील तर मधे सपाट जागा सोडून वळवून घ्या. वर दारापाशी दीड मीटर सपाट जागा हवी, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागे घरंगळते. पॉलिश केलेला ग्रॅनाइट नको, पावसात घसरतो. कडेला बारीक कठडा, हाताला रेलिंग 760 आणि 900 मिलिमीटर उंचीवर.

बाथरूमचं दार उघडल्यावर 900 मिलिमीटर मोकळं हवं आणि बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत उघडणारं दार खुर्चीलाच अडतं, आणि कुणी आत पडलं तर उघडतही नाही. खुर्ची वळायला 1500 मिलिमीटरचं वर्तुळ, कमोडची बैठक 450 ते 480. धरायचा दांडा टाइलमध्ये साध्या प्लास्टिकच्या गुल्लीवर बसवू देऊ नका, अंगाचं वजन पडलं की तो उपटून येतो. विटेच्या भिंतीत अँकर बोल्टच लावायला सांगा.

संकोचाचं म्हणाल, तर 20 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने समान संधी धोरण करायचं असतं आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांना काय सोयी देणार ते त्यात लिहायचं असतं. त्याहून लहान असली तरी सोयींचा उल्लेख हवाच. तेव्हा भल्या मालकांकडे त्या धोरणाची प्रत मागा. दोघांनी खुर्ची उचलणं ही सोय नव्हे. त्यातला एक जण रजेवर गेला की तुमचीही रजा.

प्रश्न : स्कूटरला साइड व्हील लावून घ्यायचे आहेत. काय पाहावं?
– राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : चाकं फार खाली बसवली तर खड्ड्यात मधलं, म्हणजे गाडीचं मूळ मागचं, चाक अधांतरी राहतं. ते नुसतं फिरतं आणि ब्रेकही पकडत नाही. स्प्रिंगवाली घ्या, वजन मधल्या चाकावरच राहायला हवं. अशी गाडी वळणावर कलत नाही, वेग आधीच कमी करा. पाय टेकवून मागे ढकलता येत नसेल तर रिव्हर्सचा किट लावा. फाटकाची रुंदी आधी मोजा. बदलाची नोंद आरटीओकडून आरसी बुकावर करून घ्या, नाहीतर अपघातात विमा अडतो. लायसन्सही ‘अडॅप्टेड व्हेईकल’चं (दिव्यांगासाठी बदल केलेल्या गाडीचं) लागेल.