बेसबॉल: प्रश्न तुमचे, उत्तरं आमची

२०२५ ची वर्ल्ड सिरीज (मेजर लीग बेसबॉलची, म्हणजे एमएलबीची, अंतिम मालिका) लॉस एंजेलिस डॉजर्सने टोरोंटो ब्लू जेजविरुद्ध ४-३ अशी जिंकली. सातवा सामना अकराव्या इनिंगमध्ये ५-४ असा संपला. त्यानंतर नाशिक आणि परिसरातून आलेल्या पत्रांत काही पत्रं डॉजर्सवर चिडलेली आहेत आणि काही त्यांच्या मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सवर. त्यांतली काही इथे घेतली आहेत.

प्रश्न: सातव्या सामन्यात डॉजर्सच्या ओहतानीला फक्त तीन दिवसांची विश्रांती मिळाली होती. तरी त्यालाच सुरुवातीचा पिचर (चेंडू टाकणारा) का केलं? शेवटच्या दोन इनिंगसाठी राखून ठेवता आला नसता का? (कॉलेज रोड)

नाही. कारण नियमात आहे. सुरुवातीचा पिचर स्वतःच डेझिग्नेटेड हिटरही (डीएच, म्हणजे पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा) असेल, तर पिचिंग थांबवल्यावरही तो हिटर म्हणून सामन्यात राहू शकतो. २०२२ पासूनची ही सवलत फक्त सुरुवातीच्या पिचरला आहे. ओहतानी आधी नुसता हिटर म्हणून खेळला असता आणि आठव्या इनिंगला माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) आला असता, तर संघाची डीएचची जागा तिथेच संपली असती. मग तो माउंडवरून उतरला की त्याला आऊटफिल्डमध्ये उभं करायचं, नाहीतर त्याची बॅट गमवायची. सामना बरोबरीत असताना ही जोखीम कोण घेईल?

म्हणून त्याला सुरुवातीला आणलं, ते बरोबरच होतं. खटकतं ते त्याला तिसऱ्या इनिंगमध्येही ठेवलं ते. चेंडूवरचा ताबा सुटलेला दिसत होता, बेसवर माणसं होती आणि समोर ब्लू जेजचा बो बिशेट. तीन रनांचा होमरन बसला तेव्हा कुणाला नवल वाटलं नसावं. ओहतानी जेमतेम अडीच इनिंगही टिकला नाही.

प्रश्न: अकराव्या इनिंगमध्ये गरेरोने डबल (सेकंड बेसपर्यंत पोहोचवणारा फटका) मारला, एकही आऊट नव्हता, तरी ब्लू जेजने बंट (बॅट न फिरवता चेंडू हलकेच जवळ पाडणं; बॅटर आऊट होतो, रनर पुढे सरकतो) केला. फुकटचा आऊट का दिला? (सिडको)

यावर सर्वाधिक पत्रं आहेत, म्हणून जरा सविस्तर.

दोन वेगळे हिशेब आहेत आणि लोक ते एकत्र करतात. एक, इनिंगमध्ये सरासरी किती रन येतील. दुसरा, निदान एक रन येण्याची शक्यता किती. सेकंडवर रनर आणि शून्य आऊट असताना सरासरी साधारण १.१ रन येतात. थर्डवर रनर आणि एक आऊट झाला की ती एकाच्या खाली जाते. म्हणजे सरासरीत बंट तोट्याचा. पण निदान एक रन येण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या थोडी वर असते, ती बंटनंतर ६५ च्या आसपास जाते. घरच्या मैदानावर, एका रनने मागे, शेवटची संधी. तिथे दुसरा हिशेब लागू होतो. बंट चूक नव्हता. (फर्स्टवर रनर असताना मात्र दोन्ही हिशेबांत बंट तोट्याचा ठरतो, म्हणून तो आता मोठ्या लीगमध्ये क्वचितच दिसतो.)

खरा प्रश्न वेगळा आहे. गरेरोनंतर बॅटिंगला बिशेट हवा होता, आणि आला आयझाया किनर-फालेफा. नवव्या इनिंगला बिशेटच्या जागी त्याला रनर म्हणून आणलं होतं. बिशेट गुडघ्याच्या दुखापतीतून नुकताच परतला होता, त्यामुळे तो बदल करणं भाग होतं. पण त्याची किंमत दोन इनिंगनंतर वसूल झाली. बिशेट असता तर बंटचा विषयच निघाला नसता. बंटनंतर डॉजर्सचा पिचर यामामोतोने बार्गरला वॉक (चार चेंडू झोनबाहेर, म्हणून फर्स्ट बेस फुकट) दिला, फर्स्ट आणि थर्डवर रनर झाले आणि डबल प्लेचं (एका चेंडूवर दोन आऊट) दार उघडलं. पुढचा बॅटर अलेहांद्रो कर्क, संथ पायांचा. त्याचा ग्राउंडर (जमिनीवरून गेलेला फटका) शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डमधला फिल्डर) मूकी बेट्सकडे गेला, बेट्सने सेकंडला पाय लावून फर्स्टला फेकला, सिरीज संपली.

शाळेच्या संघांसाठी: सेकंडवर रनर असेल तर बंट थर्डच्या बाजूला टाका, म्हणजे थर्ड बेसमनला पुढे यावं लागतं आणि त्याचा बेस रिकामा पडतो. फर्स्टवर रनर असेल तर फर्स्टच्या बाजूला. बॅट स्ट्राइक झोनच्या वरच्या टोकाला धरायची, चेंडू खाली आला तर गुडघे वाकवायचे, बॅट खाली पाडायची नाही. बॅट खाली पडली की चेंडू हवेत उडतो. वरच्या हाताची बोटं बॅटच्या मागे, पुढे आली तर चिरडतील. आणि दोन स्ट्राइक झाल्यावर फाउल बंट म्हणजे आऊट, हे मुलांना आठवण करून द्यावं लागतं.

प्रश्न: नवव्या इनिंगला हाच किनर-फालेफा होमवर (रन पूर्ण होतो त्या प्लेटवर) केसभर अंतराने आऊट झाला. चूक कुणाची? (नाशिकरोड)

तिन्ही बेस भरलेले, एक आऊट, व्हार्शोचा ग्राउंडर सेकंड बेसमन मिगेल रोहासकडे. त्याने होमला फेकला, कॅचर विल स्मिथचा पाय क्षणभर प्लेटवरून उठला आणि परत टेकला. रिव्ह्यूमध्येही आऊटच राहिला.

रनरने बेसपासून अंतर फारच कमी ठेवलं होतं. त्यामागचं कारण समजतं. आदल्याच रात्री सहावा सामना कसा संपला पाहा: सेकंडवरचा बार्गर पुढे सरकला, कीके हर्नांडेझने लेफ्ट फिल्डमधून धावत येऊन कॅच घेतला, सेकंडला फेकला, डबल प्ले. दुधाने तोंड पोळलेला संघ ताक फुंकून पिणारच. पण तिन्ही बेस भरलेले असताना होमवर फोर्स आऊट असतो, म्हणजे रनरला शिवायची गरज नसते, चेंडू हातात घेऊन कॅचरला नुसता पाय टेकवायचा असतो. तिथे दोन पावलांची भीती महाग पडते.

थर्डवर उभं राहण्याची पद्धत: फाउल लाइनच्या बाहेर उभं राहायचं, म्हणजे फटक्याचा चेंडू अंगाला लागला तरी आऊट होत नाही. पिचरने हात वर घेतला की होमच्या दिशेने चालत दोन-तीन पावलं टाकायची आणि चेंडू प्लेटवर पोहोचताना उजवा पाय जमिनीवर टेकलेला हवा. चेंडू खाली गेला तर सुटायचं, हवेत असेल तर मागे. परतताना लाइनच्या आतून यायचं, म्हणजे कॅचरच्या थ्रोच्या वाटेत येता. आणि फोर्स असेल तर होमवर स्लाइड करू नका, सरळ पळत प्लेट ओलांडा. किनर-फालेफाने स्लाइड केलं, आमच्या मते तिथेही थोडा वेळ गेला. मुरमाच्या मैदानावर तर मांडी सोलून निघते ती वेगळीच.

प्रश्न: यामामोतोने सहाव्या सामन्यात ९६ आणि दुसऱ्याच दिवशी ३४ पिच टाकले. आमचा नववीतला पिचरही दोन दिवस सलग टाकायला तयार आहे. हरकत आहे का? (पंचवटी)

आहे. यामामोतो तेव्हा २७ वर्षांचा होता, आणि तोही मोसमातला शेवटचा सामना होता, पुढे तीन महिने विश्रांती. एमएलबी आणि यूएसए बेसबॉलच्या ‘पिच स्मार्ट’ सूत्रांनुसार १५-१६ वयाला एका दिवसात जास्तीत जास्त ९५ पिच. ३१ ते ४५ पिच टाकले तर एक दिवस विश्रांती, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ७५ ला तीन, ७६ च्या पुढे चार दिवस. १४ आणि त्याखालच्या मुलांना ६६ पिचनंतरच चार दिवस. नववीतला मुलगा बहुतेक या खालच्या गटातच असेल, वय तपासा. पिच मोजायला बाकावरचा एक राखीव मुलगा आणि वही पुरते. त्याच दिवशी पिचरला कॅचर करू नका, खांद्याची फेकाफेक तिथेही थांबत नाही. ‘मुलगा तयार आहे’ हा निकष नाही. त्या वयात सगळेच तयार असतात.

प्रश्न: डॉजर्स पैशाच्या जोरावर जिंकले, हे मान्य का करत नाही? (देवळाली कॅम्प)

पैसा आहेच. ओहतानीचा करार १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा, त्यातले ६८ कोटी करार संपल्यानंतर मिळायचे. पण पहिल्या सामन्यात त्यांच्या बुलपेनने (मधून येणाऱ्या राखीव पिचरांनी) काय केलं ते आठवा: सहाव्या इनिंगला नऊ रन, त्यात बार्गरचा पिंच हिटर (बदली बॅटर) म्हणून ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन). महागडा संघ असूनही मधल्या इनिंगला भरवशाचा हात नव्हता. रॉबर्ट्सने ते मान्य केलं आणि सातव्या सामन्यात ओहतानी, ग्लासनाऊ, स्नेल, यामामोतो असे चारही सुरुवातीचे पिचर वापरले. आम्हाला तो त्याचा सर्वांत चांगला निर्णय वाटतो.

दुसरा निर्णय अँडी पाहेसबद्दलचा. त्याची बॅट पूर्ण थंड होती, म्हणून पाचव्या सामन्यापासून त्याला बसवलं आणि सहाव्यात रोहासला घेतलं. त्याच रोहासने सातव्यात नवव्या इनिंगला बरोबरीचा होमरन मारला. आणि पाहेसला त्याच इनिंगच्या उत्तरार्धात फक्त फिल्डिंगसाठी सेंटरला आणलं, तर त्याने कीकेवर आदळत सामना वाचवणारा कॅच घेतला. रोहास काही महागडा खेळाडू नव्हे.

प्रश्न: सामने आपल्याकडे किती वाजता? (ओझर)

वर्ल्ड सिरीजचे बहुतेक सामने न्यूयॉर्कच्या वेळेनुसार रात्री आठला, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा साडेसहाला. अठरा इनिंगचा तिसरा सामना बघणाऱ्यांची मात्र त्या दिवशी दुपार झाली.