बारा वीजमीटरांच्या इमारतीत सोलर नेमके कोणत्या मीटरला जोडावे?

तुमचा प्रश्न असा आहे की, राजारामपुरीतील तुमच्या अपार्टमेंटमध्ये बारा फ्लॅट, त्यांचे बारा मीटर आणि लिफ्ट व पाण्याच्या मोटारीचा एक कॉमन मीटर आहे. गच्चीवर 10 किलोवॅटची एकच सिस्टीम बसवून ती खाली मेन लाइनला जोडली, तर सगळ्यांची बिले कमी होतील का? होणार नाहीत, आणि तशी जोडणी करताही येणार नाही. कोल्हापुरात वायरिंगची कामे करताना हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मीटर रूममध्ये पोलवरून आलेली सर्व्हिस केबल आधी मेन स्विचमध्ये आणि तेथून बसबारवर, म्हणजे सगळ्या मीटरना वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर येते. बसबारवरून प्रत्येक मीटरला स्वतंत्र फेज निघतो आणि मीटरच्या पुढची वायर ज्याच्या त्याच्या फ्लॅटमध्ये जाते. मीटरच्या अलीकडचा भाग महावितरणच्या ताब्यात असतो व त्याला सील असते. तेथे सोलरची वीज सोडली, तर ती कोणाच्याही नावावर जमा होत नाही. उलट फ्लॅटमध्ये वापरल्या जाणाऱ्या त्याच विजेचे युनिट ज्याच्या त्याच्या मीटरवर नेहमीप्रमाणे चढत राहतात. नेट मीटरिंगचा, म्हणजे सोलरची जास्तीची वीज लाइनला देऊन ती बिलातून वजा करून घेण्याचा, मंजूर अर्ज एका ग्राहक क्रमांकाशी बांधलेला असतो आणि इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारे यंत्र) त्याच ग्राहकाच्या मीटरच्या पुढे जोडावा लागतो. त्यामुळे पहिला निर्णय पॅनेलच्या कंपनीचा नसून मीटरचा आहे.

माझ्या मते सुरुवात कॉमन मीटरपासून करावी. त्या बिलावरील मागील बारा महिन्यांच्या युनिटची बेरीज करा. समजा महिन्याला सरासरी 400 युनिट म्हणजे वर्षाला 4,800 युनिट लागत असतील, तर आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा पावसाळा धरून 1 किलोवॅटमागे वर्षाला साधारण 1,300 युनिट मिळतात, म्हणजे साडेतीन ते चार किलोवॅट पुरे होतात. त्यासाठी सावली न पडणारी सुमारे 400 चौरस फूट जागा लागेल. 10 किलोवॅटचा आग्रह धरण्यात अर्थ नाही, कारण 31 मार्चला शिल्लक राहिलेले युनिट महावितरण बिलाच्या दरापेक्षा बऱ्याच कमी दराने विकत घेते. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत सामायिक वापराच्या सिस्टीमसाठी प्रतिकिलोवॅट 18,000 रुपये अनुदान आहे. मात्र अर्ज करण्यापूर्वी कॉमन मीटर कोणाच्या नावावर आहे ते पाहा. आपल्या शहरातील कितीतरी अपार्टमेंटमध्ये तो अजून बिल्डरच्याच नावावर चालू असतो, आणि नाव बदलून घेईपर्यंत सोलरचे घोडे पुढे सरकत नाही.

ज्या फ्लॅटधारकांना स्वतःचे बिल कमी करायचे आहे, त्यांना प्रत्येकी स्वतंत्र पॅनेल, स्वतंत्र इन्व्हर्टर आणि स्वतंत्र नेट मीटर लागेल; 3 किलोवॅटला त्यांना 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते. गच्ची सर्वांच्या सामायिक मालकीची असल्यामुळे कोणाला किती जागा दिली, याचा लेखी ठराव आणि इतरांचे ना हरकत पत्र आधी करून ठेवा, नाहीतर पुढे पॅनेल धुण्याच्या पाण्यावरूनही भांडणे होतात. एकाच प्रकल्पाची वीज अनेक ग्राहकांच्या बिलांत ठरलेल्या प्रमाणात वाटण्याच्या व्हर्च्युअल नेट मीटरिंगलाही या योजनेत जागा आहे. परंतु त्यातही जोडणी महावितरणच्या मीटरमार्फतच होते आणि वाटणी बिलात होते, तुमच्या बसबारवर नव्हे. त्याची कार्यपद्धती उपविभागीय कार्यालयातून लेखी घ्या.

आता ज्याकडे हमखास दुर्लक्ष होते ती गोष्ट, म्हणजे गच्चीपासून मीटर रूमपर्यंतची केबल. 3 किलोवॅटच्या सिंगल फेज इन्व्हर्टरमधून पूर्ण उन्हात सुमारे 13 अँपिअर करंट येतो. अंतर 40 मीटर असेल आणि ठेकेदाराने 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल ओढली, तर जाण्यायेण्याच्या 80 मीटरमध्ये साडेसात व्होल्टच्या आसपास फरक पडतो, आणि वीज लाइनकडे ढकलण्यासाठी इन्व्हर्टरला तेवढा जास्त व्होल्टेज ठेवावा लागतो. दुपारी लाइनला 248 व्होल्ट असतील, तर इन्व्हर्टरला 255 दिसतात आणि 253 ही मर्यादा लावलेली असेल, तर तो बंद पडतो, म्हणजे नेमक्या भर उन्हात. मग सर्व्हिसवाला येतो, तेव्हा चार वाजलेले असतात आणि सगळे सुरळीत चालू असते. 6 चौरस मिलिमीटरची केबल घेतली, तर हाच फरक तीन व्होल्टच्या थोडा वर राहतो. पॅनेलच्या वॉटवर घासाघीस करणारी मंडळी केबलची जाडी विचारत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते.

जुन्या इमारतीत दोन फ्लॅटचे न्यूट्रल कोठेतरी एकत्र झालेले असतात. तसे असेल तर सोलर जोडल्यावर आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा सुरक्षा स्विच) विनाकारण पडत राहतो, म्हणून वायरमनकडून प्रत्येक मीटरचा न्यूट्रल आधी वेगळा तपासून घ्या. डीसी बाजू (पॅनेल ते इन्व्हर्टर), एसी बाजू (इन्व्हर्टर ते मीटर) आणि आकाशातून पडणाऱ्या विजेसाठीचा वीजरोधक यांचे अर्थिंगचे खड्डेही वेगवेगळे हवेत. 2019 आणि 2021 च्या महापुरात ज्या भागांत पंचगंगेचे पाणी शिरले, तेथील इमारतींनी सोलरची एसी पेटी पुराच्या खुणेच्या वर बसवावी. राजारामपुरीत तुम्हाला ही चिंता नसावी.

शेवटचे लिफ्टबद्दल. लाइट गेली की हा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, कारण पोलवर काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर वीज जाऊ नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. तेव्हा सोलर आहे म्हणून लिफ्ट चालू राहील, असे सभासदांना सांगू नका. लिफ्टसाठी जनरेटर असेल, तर सोलरची जोडणी चेंजओव्हर स्विचच्या (लाइन की जनरेटर हे निवडणाऱ्या स्विचच्या) महावितरणकडील बाजूला घ्या. जनरेटरच्या बाजूला घेतल्यास इन्व्हर्टर जनरेटरलाच लाइन समजून त्यात वीज ढकलू लागतो.