टेकडीवरचा पहिला नंबर

अनेक आशीर्वाद.

स्ट्राव्हाचा, म्हणजे सायकलच्या राईड नोंदवून वेळांच्या याद्या लावणाऱ्या त्या ॲपचा, तुझा स्क्रीनशॉट पोचला. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून पंचवटीच्या बाजूला उतरणाऱ्या वाटेवर मुलींमध्ये तू पहिली आहेस, सगळ्यांच्या यादीत सातवी, आणि सगळ्यात वरच्या मुलापेक्षा नऊ सेकंदांनी मागे. रविवारी सकाळी पुन्हा जाऊन ते नऊ सेकंद भरून काढायचे आहेत, तर टायरमध्ये हवा किती ठेवू आणि ब्रेक कुठे सोडू, असं विचारलं आहेस. तुझ्यात दम आहे आणि सायकलवर हात बसलेला आहे, हे मी पाहिलं आहे. म्हणूनच आडवळणाने न सांगता सरळ सांगतो: ती वाट घड्याळ लावून उतरू नकोस. रविवारी नको आणि इतर कुठल्या वारीही नको.

घाबरवून गप्प बसवायचं असतं तर फोनवरच दोन शब्दांत बोललो असतो. पण तू हुशार आहेस, कारण पटल्याशिवाय ऐकणार नाहीस, आणि ऐकूही नयेस. म्हणून आधी ती यादी कशी तयार होते ते बघू.

स्ट्राव्हावर सेगमेंटची, म्हणजे वाटेच्या ठरवून दिलेल्या तुकड्याची, वेळ म्हणजे पहिल्या रेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंत गेलेला सगळा वेळ. मध्ये थांबलीस तरी तो चालूच राहतो. थांबल्यावर नोंद आपोआप थांबवणारा ऑटो-पॉज लावलेला असला तरी सेगमेंटच्या हिशेबात थांबलेले सेकंद धरले जातात. आता समज, वळणावर पाण्याचा कॅन घेऊन एक आजोबा समोर आले. तू ब्रेक दाबलास, पाय टेकवलास, त्यांना आधी जाऊ दिलंस. तुझे आठ-दहा सेकंद गेले. तुझ्यामागून येणाऱ्याने लांबूनच बेल बडवत त्यांना कडेच्या गवतात उतरायला लावलं, तर त्याचं काहीच गेलं नाही. संध्याकाळी यादीत तो वर आणि तू खाली. कोण कुणासाठी थांबलं, हे लिहायला तिथे रकानाच नाही.

मला मुख्य म्हणून काही सांगायचं असेल तर ते एवढंच. सगळ्यांच्या पायाखालच्या वाटेवर लावलेली शर्यत धोक्याची असते हे कुणीही सांगेल. पण ती शर्यत म्हणूनसुद्धा खरी नसते. ज्याला वाट मोकळी मिळाली तो जिंकतो, किंवा ज्याने ती दुसऱ्याला हटवून मोकळी करून घेतली तो. तुझे पाय, तुझी फुप्फुसं, तुझी मेहनत यांचा हिशेब त्यानंतर लागतो. सुरक्षितता एका बाजूला आणि न्याय दुसऱ्या बाजूला, असं धरून तुम्ही मुलं वाद घालता. अशा वाटेवर दोन्ही एकाच प्रश्नात येतात.

त्या नऊ सेकंदांबद्दलही थोडं बोलू. मोकळ्या आकाशाखाली फोनचा किंवा सायकल कॉम्प्युटरचा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतो. झाडी दाट असली किंवा शेजारी खाणीसारखा उभा कडा असला की चूक वाढते. ताशी ३० किलोमीटरने जाताना एका सेकंदात तू आठ मीटरहून जास्त पुढे जातेस. म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेषेवर पाच-पाच मीटर इकडचे तिकडे झाले तरी एखादा सेकंद असाच कमी-जास्त होतो. लांब चढावर त्याने काही बिघडत नाही. पण पाऊण-एक मिनिटात संपणाऱ्या उतारावर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरात तेवढाच फरक असतो. तिथे कोण खरोखर पुढे होतं, हे त्या यंत्राला ठरवता येत नाही. त्यात भर म्हणून कुणी ई-बाइकची राईड साध्या सायकलची म्हणून चढवतो, कुणी परतताना मोटरसायकलवर बसल्यावरही रेकॉर्डिंग बंद करायला विसरतो. सपाट रस्त्यावर तर चार जणांच्या मागे लपून कुणी वाऱ्याचा मोठा भार वाचवतो. या सगळ्या आकड्यांची एकच रांग लावून पहिल्या नंबरावर मुकुटाचं चित्र लावलं की ती फार पक्की वाटते. तशी ती नसते.

आता ती वाट आठव. तू तिच्यावरून खाली बघत उतरतेस, मी बऱ्याचदा चालत वर जातो, म्हणून मला ती जरा वेगळी दिसते. वाटेवर सुटा मुरूम असतो. उतारावर जिथे दोन्हीकडून गिरिपुष्पाची झाडी आत येते, तिथे पुढचं दहा-बारा मीटरपलीकडे दिसत नाही. उन्हाळ्यात त्याच ठिकाणी वाटेच्या कडेला लावलेल्या रोपांना पाणी घालायला माणसं येतात. पाच लिटरचा कॅन खालून खांद्यावरून आणलेला असतो. माणूस उकिडवा बसतो, आळ्यातला पाला हाताने बाजूला करतो, पाणी थोडं थोडं सोडतो, मुरायची वाट बघतो. पाठ वाटेकडे असते. मग गुडघ्यावर हात ठेवून उठतो, आणि उठताना तोल सावरायला एक पाऊल मागे टाकतो. ते पाऊल बरोबर तुझ्या चाकोरीत पडतं.

गणित कर. ताशी ३० ने येताना डोळ्यांनी पाहिलं आणि बोटांनी ब्रेक दाबला, यात साधारण एक सेकंद जातो, म्हणजे आठ मीटर. सुट्या मुरमावर चाक न घसरता थांबायला आणखी अकरा-बारा मीटर लागतात. एकूण वीस. दिसतात दहा-बारा. तू कितीही सफाईदार चालवलीस तरी ही वजाबाकी जमत नाही. ताशी १५ वर आलीस तर तेच सगळं सात मीटरच्या आसपास उरकतं. वेग निम्मा झाल्यावर थांबायचं अंतर निम्म्याहूनही खाली येतं, आणि धडक झालीच तर तिचा जोर चौथ्या हिश्शावर येतो. सायकलपटूंची चपळाई, अनुभव वगैरे गोष्टी यानंतर मोजायच्या.

आणि बेलचं म्हणशील, तर बेल वाजवली म्हणजे वाट मोकळी झाली असं होत नाही. कुणाच्या कानात इयरफोन असतो, कुणाला कमी ऐकू येतं. लहान मूल आवाज आला की त्याच दिशेने वळतं. जोडीने चालणारे दोघं असले तर एक डावीकडे पळतो, दुसरा उजवीकडे, आणि मग एकमेकांसाठी दोघंही मध्ये येतात. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ साली जी सुधारणा झाली, तिच्यात सायकलवाल्यांना हेच सांगितलं आहे: चालणाऱ्यांच्या अगदी जवळून किंवा जोरात जाऊ नका, विशेषतः मागून येताना, समोरच्याला ऐकू येत नसेल, दिसत नसेल हे लक्षात ठेवा, गरज पडली तर वेग कमी करा, थांबा. ज्याच्यामुळे जास्त इजा होऊ शकते त्याच्यावर जास्त जबाबदारी, हे त्या कोडने आता सरळ लिहून टाकलं आहे. मोटारीच्या बाबतीत आपण सायकलवाले हेच मागत असतो. टेकडीवर मोटार नाही, म्हणून तिथे जास्त इजा करू शकणारे आपण आहोत.

हे सगळं प्रत्यक्ष घडलेलं आहे. २०१० साली अमेरिकेत बर्कलीच्या डोंगरात एक सायकलपटू उतारावरचा आपला हातातून गेलेला विक्रम परत मिळवायला निघाला, आणि मोटारीपुढे ब्रेक मारताना पडून मरण पावला. घरच्यांनी स्ट्राव्हा कंपनीवर दावा लावला, तो कोर्टात टिकला नाही. असा धोका सायकलपटू स्वतःहून पत्करतो, असं कोर्टाने धरलं. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका चौकात रस्ता ओलांडणाऱ्या ७१ वर्षांच्या गृहस्थांना सायकलची धडक बसली आणि काही दिवसांत ते गेले. त्या खटल्यात सायकलस्वाराची स्वतःची स्ट्राव्हा नोंदच वेगाच्या चर्चेत आली. लंडनच्या रीजंट्स पार्कमधलं २०२२ चं प्रकरण मला सगळ्यात जास्त लागलं. ८१ वर्षांच्या एक बाई कुत्र्याला घेऊन रस्ता ओलांडत होत्या. एका क्लबचे सायकलपटू बागेभोवती फेऱ्या मारत होते, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास. रस्त्याची मर्यादा ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर, पण कायद्याने ती सायकलला लागू नव्हती. बाई काही आठवड्यांनी गेल्या. खटला उभा राहिला नाही. ते सायकलपटू दुष्ट नव्हते, तुझ्या-माझ्यासारखेच सकाळी सरावाला निघालेले लोक होते. म्हणून तर ते प्रकरण डोक्यातून जात नाही.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो तेही माहीत असू दे. भारतीय न्याय संहितेचं २८१ कलम सार्वजनिक वाटेवर बेदरकारपणे वाहन चालवण्याबद्दल आहे, आणि १०६ निष्काळजीपणाने कुणाचा जीव जाण्याबद्दल. सायकलला इंजिन नाही म्हणून सुटका होत नाही. तू स्वतःहून चढवलेली राईड तुझ्या वेगाचा सेकंदासेकंदाचा पुरावा असते. पण कायद्याच्या भीतीने तू थांबावंस असं मला वाटत नाही. पुण्यात वाहनांच्या आवाजाशिवाय, दिव्याच्या खांबांशी आणि पार्क केलेल्या स्कूटरशी झटापट न करता चालता येईल अशा जागा किती उरल्या आहेत? गुडघे दुखणाऱ्या, उशिरा चालायला लागलेल्या कितीतरी बायकांना टेकडी हीच एक जागा आहे. एकदा कुणी अंगावर आल्यासारखं गेलं की त्या पुढच्या आठवड्यापासून येत नाहीत, आणि त्याची नोंद कुठल्याही ॲपवर होत नाही.

शर्यत करूच नकोस, असं मी म्हणत नाही. तुला जिंकायची भूक आहे आणि ती चांगली आहे. फक्त जागा बदल.

चढावर जा. सिंहगडाचा घाट चढताना तुझा वेग ताशी १०-१२ च्या घरात असतो, चार-पाच मीटरमध्ये थांबतेस, आणि कुणाला घाबरवत नाहीस. शिवाय तिथली स्पर्धा जास्त खरी आहे. एवढ्या कमी वेगात वाऱ्याचा भार थोडाच असतो, त्यामुळे दुसऱ्याच्या मागे लपून फारसं काही वाचत नाही. वेळ लांब असल्यामुळे जीपीएसची एक-दोन सेकंदांची चूक त्यात विरघळून जाते. वजनाच्या मानाने तुझ्या पायात किती ताकद आहे, हेच बहुतेक करून मोजलं जातं. शनिवार-रविवार मात्र नको. पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते आणि चढावरही मजा राहत नाही.

खरी शर्यत हवी असेल तर बिब नंबर लावून उतर. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात ‘घाटाचा राजा’ ठरतो तेव्हा सगळे एकाच वेळी सुटलेले असतात, वाहतूक अडवलेली असते, आणि वळणावर झेंडा घेऊन माणूस उभा असतो. एकेकाला वेगवेगळं सोडतात ती टाइम ट्रायल असेल तर त्याहून छान, कुणाच्या मागे लपायचा प्रश्नच नाही. ट्रॅकची हौस वाटली तर बालेवाडीच्या क्रीडासंकुलात वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतीचा खास ट्रॅक, आहे. जिल्हा संघटनेत नाव घाल आणि तिथे सरावाची संधी कधी मिळते याची चौकशी कर. आणि कधीतरी एखादी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड, कर. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, पहिला नंबर कुणालाच नाही. तुला आवडेल की नाही माहीत नाही, पण दूरच्या रस्त्यावर स्वतःला ओळखायला ती फार उपयोगी पडते.

टेकडीवर जायचं तर जरूर जा. तिथे पीआर, म्हणजे स्वतःची सगळ्यात कमी वेळ, बघू नकोस. ॲपमध्ये ‘लोकल लेजंड’ असतो, ९० दिवसांत एखाद्या सेगमेंटवर सगळ्यात जास्त वेळा गेलेल्याला मिळतो, वेगाचा त्यात संबंध नसतो. यादीत नाव हवंच असेल तर ते त्या मार्गाने मिळव. उतारावर जेवढं दिसतं त्याच्या निम्म्यात थांबता येईल एवढाच वेग ठेव. माणूस दिसला की लांबूनच पेडल थांबव आणि ‘काका, मागून येतेय’ असं तोंडाने सांग. त्यांनी वळून पाहिल्यावर मगच पुढे जा. त्यांनी पाहिलं नाही तर थांब.

आणि एक काम आज रात्री कर. तो सेगमेंट तू बनवलेला नसला तरी त्याच्या पानावर तो धोकादायक आहे अशी खूण करता येते. तशी खूण झाली की त्या सेगमेंटचा लीडरबोर्ड, म्हणजे ती नंबरांची यादी, दिसत नाही आणि मुकुटही मिळत नाहीत. तुझं मुलींमधलं पहिलं नाव त्यात जाईल, हे मला माहीत आहे. पण आपल्या ग्रुपमधली कॉलेजची दोन मुलं तुझ्या वेळा बघून त्याच वाटेने उतरायला लागली आहेत, आणि त्यांचा हात तुझ्याइतका बसलेला नाही. पहिल्या नंबरावरच्या मुलीने स्वतः खूण केली तर त्यांना कळेल. मी सांगितलं तर म्हातारा बोलतोय म्हणतील. ग्रुपवर कारणासकट लिही, थोडक्यात लिही, आणि कुणी वाद घातला तर पाणी घालायला येणाऱ्या माणसांबद्दल सांग.

गुरुवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी गोळेवाडीच्या नाक्यापाशी ये. चढताना मी मागे राहीन, तू तुझ्या जोराने जा. वर पोचल्यावर वेळ सांग. उतरताना मात्र माझ्या मागे राहायचं.

तुझा काका