कागद नंतर, पाय आधी

वाचकांचे प्रश्न, घोड्यांच्या डॉक्टरची उत्तरं

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे, चार वर्षं घोडेस्वारी शिकते आहे. ओळखीच्या एका मालकांनी सहा वर्षांची थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीची, घोडी नुकतीच शर्यतीतून काढली आणि ती ते जवळजवळ फुकट देतायत. घोडीचा बाप नावाजलेला आहे. माझे मेव्हणे म्हणतात, ‘‘स्वारीला नाही जमली तर शिंगरं घ्या, बापाच्या नावावर विकली जातील.’’ घ्यावी का?

उत्तर : आधी मेव्हण्यांचं बघू, म्हणजे मग घोडीबद्दल मोकळेपणानं बोलता येईल. नावाजलेल्या बापाची घोडी फुकट मिळते आहे, यातच त्यांचं उत्तर आलं. ज्यांचा हा धंदा आहे त्यांना तिच्या पोटी पैसा दिसला असता तर त्यांनी तिला दाराबाहेर पडू दिलं असतं का? चलतीतल्या घोड्याची एकेका वर्षात शंभरावर शिंगरं जन्मतात. ‘अमक्याची लेक’ हे बिरुद मिरवणाऱ्या घोड्या त्यामुळे ढिगानं सापडतात. विकत घेणारा विचारतो, की ही स्वतः काय जिंकली आणि हिच्या आईची बाकीची पोरं काय करतात.

शिवाय हिशोब करा. अकरा महिने गाभण, त्यानंतर शिंगरू विक्रीला उभं करेपर्यंत दीड वर्ष. तेवढा काळ दोन तोंडांचा चारा, नालबंद, डॉक्टर. आणि घोडीचं बाळंतपण गाईसारखं निवांत नसतं. पाणमोट फुटली की वीस ते तीस मिनिटांत शिंगरू बाहेर यायला हवं. पांढुरक्या पडद्याऐवजी मखमलीसारखा लाल पडदा पुढे दिसला, तर वार आधीच सुटलेली असते आणि आतल्या जिवाला प्राणवायू मिळत नसतो. तो पडदा तिथल्या तिथे कापायचा, डॉक्टरची वाट बघायची नाही. एकदा मी वीस मिनिटांच्या अंतरावर गाडीत होतो आणि मोतद्दाराला फोनवरून कात्री चालवायला सांगितली. ते शिंगरू जगलं. पण तो मोतद्दार तीस वर्षं घोड्यांत काढलेला माणूस होता, आणि रात्री तीन वाजता जागा होता. तुमचे मेव्हणे जागे राहणार आहेत का?

आता घोडी. कागद बाजूला ठेवा आणि खाली बसून तिचे पुढचे पाय बघा. गुडघ्याखाली नळीच्या हाडामागे दोरीसारखा ताठ टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, असतो. तो बाजूनं सरळ दिसायला हवा. केळ्यासारखा फुगवटा असेल तर टेंडन कधीतरी फाटलेला आहे. दोन्ही पायांवरून हाताची उलटी बाजू फिरवा, उष्णतेतला फरक हाताच्या त्या बाजूला लवकर कळतो. जुनी, भरून आलेली दुखापत असली म्हणून घोडी बाद होत नाही. हलक्या स्वारीला अशा घोड्या वर्षानुवर्षं चालतात. पण दुखापत आहे हे तुम्हाला घेण्याआधी कळलं पाहिजे.

मालकाला ‘काही त्रास आहे का’ असं विचारू नका, ‘नाही’ असंच उत्तर येईल. ‘शेवटची कधी धावली आणि त्यानंतर का नाही’ असं विचारा. मानेतली मायक्रोचिप वाचून पासपोर्टवरच्या क्रमांकाशी ताडून बघा. तपासणी करणारा डॉक्टर तुमचा हवा, मालकाचा नको. त्याला रक्ताचा नमुनाही घ्यायला सांगा, कारण वेदनाशामकाच्या जोरावर दोन दिवस कुठलीही घोडी छान चालते. गाभण नाही ना, हेही बघून घ्या. हसू नका. अशा फुकटच्या घोडीच्या पोटातलं शिंगरू मी दोनदा शोधून काढलं आहे.

आणि एकदा न सांगता जा. खोगीर चढवताना ती कान मागे टाकून चावायला येते का? दाराच्या फळीला दात रोवून हवा गिळते का? शर्यतीच्या तबेल्यात घोड्याला धान्य भरपूर आणि वैरण कमी मिळते. घोड्याच्या जठरात आम्ल मात्र दिवसभर झिरपत असतं, पोट भरलेलं असो वा रिकामं. त्यामुळे व्रण झालेली जठरं मी एंडोस्कोपीत इतकी पाहिली आहेत, की आता ती नसली तर आश्चर्य वाटतं. पोटपट्टा आवळताना चावणारी घोडी बहुधा दुखतंय म्हणून चावत असते. मनानं ती दुष्ट नसते.

तुमच्या मुलीबद्दल मला जास्त काळजी वाटते. ती आजवर ज्या घोड्यांवर बसली, ते घोडे तिला शिकवत होते. या घोडीला मात्र तुमच्या मुलीनं शिकवायचं आहे. शर्यतीच्या घोडीला सहाव्या वर्षी काय येत नाही याची यादी ऐकून माणसं चकित होतात. जॉकीला मदतनीस पाय धरून वर उडवतो, तेही घोडी चालत असतानाच. चौथऱ्यावरून कुणी चढेपर्यंत एका जागी उभं राहायचं असतं, हे तिला ठाऊकच नसतं. जॉकीचे पाय उंच, आखडलेले. तुमच्या मुलीचे लांब पाय कुशीला टेकले की ही दचकणार. सगळ्यात महत्त्वाचं लगामाचं. शर्यतीत जॉकी लगाम घट्ट धरतो आणि घोडी त्यावर रेलून पळते. म्हणजे मुलगी घाबरून जितकं ओढेल, तितकी ही वेग वाढवेल. घोडी तिला शिकवलंय तसंच करत असते, आणि मुलगी हाडं मोडून घेते.

म्हणून घेतलीत तर पहिले तीन-चार महिने पाठीवर कुणी नको. धान्य एकदम तोडू नका, दोन-तीन आठवड्यांत उतरवत न्या आणि वैरण वाढवा. वैरण दिवसभर पुढ्यात असली पाहिजे. पहिल्या दिवशी मोठ्या कुरणात सोडू नका. कित्येक वर्षं दिवसाचे बावीस-तेवीस तास कोठडीत काढलेला घोडा मोकळ्यावर वेड्यासारखा पळतो आणि कुंपणात जातो. लहानसं आवार आणि सोबतीला एखादा म्हातारा, शांत घोडा द्या. शर्यतीचे हलके ॲल्युमिनियमचे नाल काढून घ्या आणि खुरांना वेळ द्या. पाठीचा आकार बदलेल, त्यामुळे खोगीर आत्ताच विकत घेऊ नका.

मी अशी एक घोडी पाहिली होती. सोडल्यावर पहिले नऊ दिवस ती फाटकापाशीच उभी राहिली. गवत होतं, सावली होती, पण सकाळच्या सरावाची वेळ झाली की ती तिथे येऊन मान वर करून थांबायची. दहाव्या दिवशी लोळली. मालकिणीनं घाबरून मला पोटदुखी म्हणून बोलावलं. मी गेलो तेव्हा घोडी चिखलानं माखून चरत होती.

एवढं करायची तयारी असेल आणि शर्यतीचे घोडे वळवलेला एखादा माणूस रोज मुलीजवळ उभा राहणार असेल, तर घ्या. नसेल तर नको.

प्रश्न : एका दोन वर्षांच्या घोड्याला १ कोटी ६० लाख डॉलर मिळाले होते असं वाचलं. एवढी किंमत कशाची असते?

उत्तर : तो ‘द ग्रीन मंकी’. फेब्रुवारी २००६, फ्लोरिडातला लिलाव. विक्रीआधी खरीदारांसमोर त्यानं एक फर्लांग, म्हणजे सुमारे २०० मीटर, ९.८ सेकंदांत कापलं आणि दोन तालेवार खरीदारांची चढाओढ लागली. पुढे तो तीन शर्यती धावला. एकदा तिसरा आला, जिंकला एकदाही नाही. एकूण कमाई १०,४४० डॉलर.

बक्षिसांतून एवढा पैसा फिटत नाही, हे देणाऱ्यांनाही कळतं. ते पैसे मोजतात ते घोडा पुढे स्टडवर, म्हणजे पैदाशीसाठी, उभा राहील या आशेवर. फ्रँकेल नावाचा घोडा १४ शर्यती धावला आणि १४ जिंकला. २०२४ साली त्याच्याकडे एक घोडी नेण्याची फी साडेतीन लाख पौंड होती. अशा शंभर घोड्या धरल्या तर वर्षाचे साडेतीन कोटी पौंड. त्या एका शक्यतेसाठी शंभर जण बोली लावतात आणि नव्व्याण्णवांच्या हाती नुसता घोडा येतो.

वंशावळ खोटी नसते, पण आपण समजतो तेवढी ती बोलत नाही. १९६९ साली अमेरिकेतल्या दोन मालकांनी शिंगरं कुणी आधी निवडायची यासाठी नाणं उडवलं. जिंकणाऱ्यानं बोल्ड रूलर हा घोडा आणि समथिंगरॉयल ही घोडी यांची मादी शिंगरू घेतली. तिचं नाव ‘द ब्राइड’. ती चार वेळा धावली आणि एकदाही पहिल्या तिघांत आली नाही. हरणाऱ्या बाजूला मिळालं याच जोडीचं पुढच्या वर्षीचं शिंगरू, तेव्हा ते आईच्या पोटातच होतं. त्याचं नाव सेक्रेटेरियट. १९७३ ची बेलमाँट ही मोठी शर्यत त्यानं ३१ लेंग्थनी, म्हणजे ३१ घोड्यांच्या लांबीइतक्या अंतरानं, मारली. सख्खी भावंडं, कागदावर दोघांचे बाप-आजे शब्दशः तेच.

लिलावाचा कॅटलॉग वाचताना एक लक्षात ठेवा. तिथे ‘हाफ-ब्रदर’ म्हणजे फक्त आईकडून भाऊ. बापाकडची भावंडं मोजत नाहीत, मोजली तर कागद पुरणार नाही.

प्रश्न : गाईम्हशींना कृत्रिम रेतन सर्रास होतं. मग या शर्यतीच्या घोड्यांना का नाही? आणि सगळ्यांचा वाढदिवस १ जानेवारीलाच असतो हे खरं का?

उत्तर : तांत्रिक अडचण काहीच नाही, इतर जातींच्या घोड्यांत ते रोज होतं. पण थरोब्रेड म्हणून नोंद हवी असेल तर नैसर्गिक मीलनच लागतं. भ्रूणरोपण, क्लोनिंगसुद्धा चालत नाही. ‘जनरल स्टड बुक’ ही थरोब्रेडांच्या वंशावळीची नोंदवही इंग्लंडात १७९१ साली पहिल्यांदा निघाली आणि तेव्हापासून ‘बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर’ असा खाक्या आहे. जुन्या काळी बाप कोण याची खातरी देण्याचा तोच एक मार्ग होता. आज ते काम डीएनए चाचणी करते. माझं मत विचाराल तर नियम टिकला तो फीमुळे. एक नर एका हंगामात मोजक्याच माद्यांना पुरतो, आणि मोजकं आहे म्हणून महाग आहे. वीर्य नळकांड्यातून जगभर पाठवता आलं असतं तर साडेतीन लाख पौंड कुणी दिले असते?

या सगळ्यात मला दया येते ती टीझरची. घोडी माजावर आहे की नाही हे ठरवायला एक साधा, कमी किमतीचा घोडा फळीपलीकडे आणतात. तो हुंकारतो, लाडीगोडी लावतो, लाथा खातो. घोडी राजी झाली की त्याला परत कोठडीत नेतात आणि महागड्या नवरदेवाला आणतात. माझ्या ओळखीच्या एका टीझरनं चौदा हंगाम हे काम केलं. स्वभाव मात्र शेवटपर्यंत गोड.

वाढदिवसाचं खरं आहे. उत्तर गोलार्धात १ जानेवारी, दक्षिणेत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत १ ऑगस्ट. म्हणूनच डिसेंबरच्या अखेरीस जन्मलेलं शिंगरू आठवड्याभरात एक वर्षाचं होतं आणि मालक कपाळाला हात लावतो. घोडी मुळात दिवस मोठा होऊ लागला की माजावर येते. तिला लवकर आणायचं म्हणून हिवाळ्यात तबेल्यातले दिवे लावून सोळा तासांचा दिवस करतात.

प्रश्न : जे जिंकत नाहीत ते घोडे शेवटी जातात कुठे?

उत्तर : जिंकणारेही कुठे जातात ते आधी सांगतो. फर्डिनांड १९८६ चा केंटकी डर्बी या अमेरिकेतल्या मोठ्या शर्यतीचा विजेता, १९८७ चा अमेरिकेतला ‘हॉर्स ऑफ द इयर’. स्टडवर शिंगरं फारशी चमकली नाहीत, १९९४ मध्ये जपानला विकला गेला, आणि २००२ च्या सुमारास कत्तलखान्यात संपला. बातमी बाहेर आली तेव्हा लोक हादरले आणि त्या धक्क्यातून निवृत्त घोड्यांच्या कामाला जोर आला.

उलट उदाहरण जॉन हेन्रीचं. १,१०० डॉलरला विकलेलं शिंगरू, गुडघे वाकडे, स्वभाव इतका तापट की खच्ची करावा लागला. तो नऊ वर्षांचा होईपर्यंत धावला, ६५ लाख डॉलरहून अधिक कमावून गेला. खच्ची असल्यामुळे स्टडवर त्याची किंमत शून्य. पण केंटकी हॉर्स पार्कमध्ये लोक त्याला बघायला यायचे, आणि २००७ साली ३२ व्या वर्षी तो तिथेच गेला.

आता ब्रिटनमध्ये २००० पासून ‘रीट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस’ ही संस्था घोड्यांना दुसऱ्या कामासाठी तयार करते. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉलकिल तुरुंगात कैदी निवृत्त घोडे सांभाळतात. चांगलं आहे, पुरेसं नाही. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो, धावतो त्यातली तीन-चार. ज्या दिवशी शिंगराची नोंदणी होते त्याच दिवशी त्याच्या म्हातारपणाचा पैसा मालकाकडून वेगळा घ्यायला हवा. हे मी अनेक बैठकांत बोललो आहे. चहा येईपर्यंत सगळे ऐकतात.

प्रश्न : (पहिल्याच वाचकाचं ताजा कलम) घोडीचं शर्यतीचं नाव लांबलचक इंग्रजी आहे. बदललं तर तिला कळेल का?

उत्तर : नोंदणीतलं नाव जास्तीत जास्त अठरा अक्षरांचं असतं, मोकळी जागा धरून. पासपोर्टवर ते तसंच राहू द्या. तबेल्यात तिला त्या नावानं कुणीच हाक मारत नाही. आणायला जाल तेव्हा तिचा मोतद्दार कोण ते शोधा आणि त्याच्याबरोबर चहा घ्या. कुठला पाय आधी सुजतो, कुठल्या बाजूनं हात लावलेला आवडत नाही, हे त्यालाच माहीत असतं. तो तिला काय म्हणतो ते विचारा आणि तेच ठेवा.