नागपूरचा उन्हाळा आणि गेमिंग पीसी

प्रश्न : रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड घेऊन पीसी जुळवतोय. मे महिन्यासाठी लिक्विड कूलर (द्रव फिरवून प्रोसेसर थंड करणारा) लागेलच का? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : नाही. प्रोसेसर ६५ वॉटचा आहे, चार हीटपाइपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा) टॉवर एअर कूलर पुरतो. खोलीतच ४० अंश असतील तर लिक्विड कूलरही प्रोसेसरचं तापमान त्याखाली उतरवू शकत नाही. ते पैसे कॅबिनेटवर घाला : पुढे जाळी, हवा आत ओढणारे १२० मिमीचे दोन पंखे, मागे बाहेर फेकणारा एक. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या पट्ट्या असतात तिकडून हवा बाहेर पडते. बरेच जण इथेच चुकतात. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची थर्मल पेस्ट वाटाण्याएवढीच. कूलरच्या तळाची प्लास्टिक फिल्म आठवणीने काढा. आणि वाळ्याच्या कूलरच्या झोतात पीसी मुळीच नको. ओलसर हवेने धूळ चिकटून हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांच्या) फटी बुजतात.